आस्कोवची बारा घनमीटरची टाकी : हरित हायड्रोजनचा सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास

१/२२
इ.स. १८९५. डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील आस्कोव हे लहानसे खेडे. ऐन हिवाळ्यात येथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्या लांबलचक अंधारात गावातील एका शाळेच्या खोल्या मात्र उजळलेल्या असत. तेथील दिव्यांत रॉकेल नव्हते आणि शहरांतल्यासारखा कोळशाचा वायूही नव्हता. त्यांत हायड्रोजन जळत होता, आणि तो वाऱ्याच्या शक्तीने पाण्यातून काढलेला होता.

२/२२
आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात तो नेमका हाच. वारा, सूर्य किंवा वाहते पाणी यांपासून वीज निर्माण करायची आणि त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवायचा. वृत्तपत्रांत याचे वर्णन ‘भविष्यातील इंधन’ असे होते. प्रत्यक्षात या भविष्याला सव्वाशे वर्षांहून मोठा भूतकाळ आहे. हे तंत्र अनेकदा यशस्वी झाले आणि प्रत्येक वेळी मागे पडले. ते का मागे पडले, हाच या धाग्याचा विषय.

३/२२
प्रथम थोडी पार्श्वभूमी. १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिशने या ‘ज्वलनशील हवे’चा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. तो वायू जळाला की पाणी तयार होते, हे ध्यानात घेऊन पुढे लाव्हाझिएच्या वर्तुळाने त्याला ग्रीक शब्दांवरून ‘पाणी निर्माण करणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. मराठीतील ‘उद्‌जन’ हा जुना पारिभाषिक शब्दही त्याच अर्थाचा, ‘उद’ म्हणजे पाणी. इंधन जाळल्यावर मागे उरते ते पाणी. या वायूचे सारे आकर्षण त्याच्या नावातच सामावलेले आहे.

४/२२
१८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाची वार्ता लंडनला पोहोचताच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडून त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन भाग केले. हेच विद्युत अपघटन. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्हने उलटी वाट दाखवली. हे दोन वायू एकत्र आणून त्याने वीज मिळवली. आजच्या इंधनघटाचा हा पूर्वज. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही मार्ग माहीत होते. अडचण होती ती स्वस्त विजेची.

५/२२
आता पुन्हा आस्कोवकडे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे प्रदेश गमावले. ग्रुंटविगच्या विचारांतून उभी राहिलेली र‍ॉडिंग येथील पहिली लोकविद्यापीठ-शाळा त्यामुळे सीमेपलीकडे गेली. तिचा वारसा चालवण्यासाठी १८६५ मध्ये नव्या सीमेच्या अलीकडे, आस्कोवला शाळा सुरू झाली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी परीक्षेच्या धास्तीविना इतिहास, भाषा आणि विज्ञान शिकावे, हा तिचा हेतू होता. पराभूत देशाने आपल्या खेड्यांतून स्वतःला पुन्हा घडवण्याचा हा प्रयत्न होता.

६/२२
१८७८ मध्ये या शाळेत पॉल ला कूर हा शिक्षक रुजू झाला. जन्म १८४६ चा. शिक्षण पदार्थविज्ञान व हवामानशास्त्राचे. डेन्मार्कच्या नव्या हवामान संस्थेत तो वरिष्ठ पदावर होता आणि तारायंत्राच्या क्षेत्रातील शोधांमुळे त्याचे नाव देशाबाहेरही पोहोचले होते. अशा माणसाने राजधानी सोडून खेड्यातील शाळा पत्करली. त्याच्यापुढील प्रश्न मात्र प्रयोगशाळेपुरता नव्हता.

७/२२
त्या काळी कोपनहेगनसारख्या शहरांत कोळशावरील विद्युतकेंद्रे येऊ लागली होती. डेन्मार्ककडे स्वतःचा कोळसा नगण्य. तो परदेशातून आणावा लागे. विजेचा दिवा आणि विजेवरील यंत्रे ही शहरांची मिरास होणार, कारखाने तेथेच निघणार आणि खेड्यांतील तरुण तिकडेच ओढले जाणार, हे ला कूरला स्पष्ट दिसत होते. खेड्यांजवळ मुबलक होता तो फक्त वारा. त्या वाऱ्यातून वीज निघाली, तर खेड्यांना आधुनिक जगात आपले स्थान मिळेल, अशी त्याची धारणा होती.

८/२२
१८९१ मध्ये शासकीय अनुदान मिळाले आणि आस्कोवला प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. चार पात्यांची, पारंपरिक घडणीची. वारा कधी सोसाट्याचा, तर कधी मंद. डायनॅमोला मात्र स्थिर गती हवी. त्यासाठी ला कूरने पट्टा आणि वजने यांच्या आधारे चालणारे, ‘क्राटोस्टाट’ नावाचे नियामक यंत्र रचले. झोत आला तरी डायनॅमोवर येणारा जोर त्यामुळे जवळपास सारखा राही. पहिला अडथळा दूर झाला.

९/२२
दुसरा अडथळा अधिक बिकट होता. वारा पडला की काय करायचे? वीज साठवण्याचे रूढ साधन म्हणजे शिशाची संचायक बॅटरी. पण ती फार महाग. ला कूरने म्हणून वेगळी वाट धरली. इटालियन संशोधक पोम्पेओ गारुती याच्या विद्युत अपघटन यंत्राच्या आधारे त्याने पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन केले आणि निघालेले वायू टाक्यांत साठवले. हायड्रोजनची टाकी १२ घनमीटरची होती.

१०/२२
१८९५ ते १९०२ अशी सात वर्षे आस्कोवची शाळा या हायड्रोजनवर उजळली. हायड्रोजन संपला म्हणून शाळेला एकही दिवस अंधारात काढावा लागला नाही, अशी या प्रयोगाची ख्याती आहे. अपघात मात्र झाले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा थोडा अंश मिसळला की स्फोट होई, आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा बदलावी लागली. वायू शुद्ध ठेवणे आणि तो गळू न देणे ही आजच्या संयंत्रांचीही पहिली चिंता आहे.

११/२२
येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. वायू साध्या दाबाखाली होता असे धरल्यास १२ घनमीटर हायड्रोजनचे वजन भरते जेमतेम १ किलो. त्यातील ऊर्जा सुमारे ३३ युनिट, म्हणजे पावणेचार लिटर पेट्रोलच्या आसपास. एका खोलीएवढी टाकी आणि सामावले ते दोन बाटल्यांत मावेल इतक्या पेट्रोलचे बळ! हायड्रोजन वजनाने अत्यंत हलका, पण जागा अडवणारा. त्याला दाबून भरा किंवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव करा. दोन्हींसाठी पुन्हा ऊर्जा खर्चावी लागते.

१२/२२
या वायूवर इंजिन चालवण्याचा ला कूरचा प्रयत्नही तडीस गेला नाही. १९०२ च्या सुमारास त्याने हायड्रोजनचा नाद सोडला. संचायक बॅटऱ्या बसवून पवनचक्कीची वीज तारांवाटे थेट गावातील घरांना दिली. हायड्रोजनचे तंत्र बिघडले होते असे नाही. वीज जशीच्या तशी वापरण्याची सोय झाली, तेव्हा तिचे वायूत रूपांतर करून निम्मी-अर्धी ऊर्जा गमावण्याचे प्रयोजन उरले नाही. हा निर्णय विसाव्या शतकात पुढे वेगवेगळ्या देशांत पुन:पुन्हा घेतला जाणार होता.

१३/२२
ला कूरचा मूळ हेतू मात्र सफल झाला. छोट्या वातविवरांत प्रयोग करून त्याने दाखवले की थोडी पण वेगाने फिरणारी पाती अनेक संथ पात्यांपेक्षा वीजनिर्मितीस अधिक उपयुक्त ठरतात. ग्रामीण तरुणांसाठी त्याने विद्युततंत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. १९०८ मध्ये तो वारला. १९१८ पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजसंस्थांकडे पवनचक्की होती आणि देशाच्या वीजवापराचा जवळपास ३ टक्के वाटा वारा उचलत होता.

१४/२२
त्याच्या अभ्यासक्रमातून १९०४ साली शिकून गेलेला योहानेस यूल हा विद्यार्थी पुढे वीजकंपनीत अभियंता झाला. १९५७ मध्ये त्याने गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॅटची पवनचक्की कार्यान्वित केली. ती सुमारे दहा वर्षे चालली आणि स्वस्त तेलाच्या काळात बंद पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र ‘नासा’च्या इच्छेवरून ती दुरुस्त करून तिच्यावर चाचण्या घेण्यात आल्या. आधुनिक डॅनिश पवनचक्क्यांच्या वंशावळीत तिचे स्थान मोठे आहे. आस्कोवची गुरुपरंपरा वाऱ्यात टिकली. हायड्रोजनची कथा दुसरीकडे वळली.

१५/२२
४ फेब्रुवारी १९२३ रोजी केंब्रिजमध्ये जे. बी. एस. हाल्डेन या तरुण शास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिले. ‘डेडॅलस’ या नावाने ते पुढे पुस्तकरूपाने आले. कोळसा आणि तेल संपल्यावर इंग्लंडमध्ये धातूच्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहतील, वारा जोरात असताना उरणाऱ्या विजेने पाण्याचे विघटन होईल आणि द्रव हायड्रोजन भूमिगत टाक्यांत साठवला जाईल, असे चित्र त्याने रेखाटले. यासाठी त्याने मुदत दिली होती सुमारे ४०० वर्षांची. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला.

१६/२२
हाल्डेनच्या मांडणीतील कळीचा शब्द होता ‘उरणारी’ वीज. अशी वीज त्या काळी प्रत्यक्षात कोठे होती? नॉर्वेच्या दऱ्यांत. र‍्यूकानजवळील वेमोर्क येथे १९११ मध्ये जगातील तेव्हाचे सर्वांत मोठे जलविद्युतकेंद्र सुरू झाले. आसपास मोठे शहर नाही आणि एवढी वीज दूर नेण्याची सोयही नाही. मग १९२९ पासून तेथे विद्युत अपघटनाने प्रचंड प्रमाणावर हायड्रोजन निघू लागला आणि त्यापासून अमोनिया, अमोनियापासून खत तयार होऊ लागले. येथे हायड्रोजन इंधन म्हणून जाळला जात नव्हता. तो कच्चा माल होता.

१७/२२
वेमोर्कचे नाव इतिहासात गाजले ते मात्र वेगळ्याच कारणाने. अपघटनाच्या प्रक्रियेत उपउत्पादन म्हणून तेथे ‘जड पाणी’ मिळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर अणुसंशोधनासाठी त्या जड पाण्याला महत्त्व आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन कमांडोंनी बर्फाळ दरी ओलांडून तेथील जड पाण्याचे संयंत्र उडवले. या रोमहर्षक प्रकरणावर पुस्तके आणि चित्रपट निघाले. पण ती इमारत मुळात स्वच्छ विजेवर चालणारा हायड्रोजनचा कारखाना होती, हे सहसा सांगितले जात नाही. ते संयंत्र १९७१ साली बंद झाले.

१८/२२
याच नाटकाचा भारतीय अंक घडला पंजाबात. सतलज नदीवर भाक्रा-नांगल प्रकल्प आकाराला येत होता. त्याच्या जलविद्युतेवर विसंबून नांगल येथे खत कारखाना उभारण्यात आला आणि १९६१ मध्ये तो सुरू झाला. तेथेही पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया, असाच मार्ग होता. १९६२ मध्ये त्याला जोडून देशातील पहिले जड पाण्याचे संयंत्र कार्यान्वित झाले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर भारताने साठ वर्षांपूर्वीच हरित हायड्रोजनपासून हरित खत बनवून दाखवले होते. तेव्हा या गोष्टीला असे नाव नव्हते, एवढेच.

१९/२२
पण भाक्राच्या विजेला लवकरच दुसरी गिऱ्हाइके मिळाली. हरित क्रांतीबरोबर पंजाब-हरियाणात विजेचे पंप वाढले, शहरे वाढली, उद्योग वाढले. जी वीज थेट विहिरीतून पाणी उपसू शकते आणि घरे उजळू शकते, ती वायू काढण्यात घालवणे परवडेनासे झाले. नांगलच्या कारखान्याला विजेची चणचण जाणवू लागली. १९७० च्या दशकाअखेर तेथील उत्पादन इंधनतेलावर आणि २०१३ च्या सुमारास नैसर्गिक वायूवर गेले. आस्कोवच्या खेड्यात १९०२ मध्ये जे घडले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले.

२०/२२
जगभर हायड्रोजन बनतच राहिला, पण नैसर्गिक वायू आणि कोळशापासून. आज जगात वर्षाला साडेनऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन वापरला जातो. त्यातील बहुतांश तेलशुद्धीकरणात आणि अमोनिया व मिथेनॉलच्या निर्मितीत खपतो. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन काढताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. अल्प उत्सर्जनाच्या मार्गाने मिळणाऱ्या हायड्रोजनचा वाटा एकूण उत्पादनाच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. नावात पाणी असलेल्या या वायूच्या जन्मकथेत आज पाण्यापेक्षा धूर अधिक आहे.

२१/२२
४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. परिस्थिती खरोखर बदलली आहे. सौर वीज स्वस्त झाली आहे, आणि भर दुपारी ती काही ठिकाणी मागणीपेक्षा अधिक निर्माण होते. हाल्डेनने कल्पिलेली ‘उरणारी’ वीज ४०० वर्षे न थांबता शंभर वर्षांतच दृष्टिपथात आली. परंतु १ किलो हायड्रोजनसाठी आजही ५० युनिटांहून अधिक वीज लागते, आणि त्यातून पुन्हा वीज मिळवू गेल्यास साधारण एक तृतीयांशच हाती येते. ला कूरच्या हिशेबातील हा भाग फारसा बदललेला नाही.

२२/२२
म्हणून हायड्रोजनविषयी नवी घोषणा कानी आली की या इतिहासातून निघणारे दोन प्रश्न विचारावेत. ज्या कामासाठी तो वापरायचा, ते काम थेट विजेने किंवा बॅटरीने होण्यासारखे आहे का? असेल, तर आस्कोवच्या दिव्यांप्रमाणे तेथे हायड्रोजन टिकण्याची शक्यता कमी. आणि त्यासाठी लागणारी वीज खरोखर उरलेली आहे, की कोणाच्या तरी शेतपंपाच्या किंवा घराच्या वाट्याची आहे? खत, पोलाद आणि रसायने यांसारख्या उद्योगांत या वायूला सहजासहजी पर्याय नाही. तेथे तो हरित होणे हीच आजची खरी निकड आहे. खेड्यातील मुलांना उजेड मिळावा म्हणून पॉल ला कूरने हायड्रोजन हाती घेतला, आणि त्याच मुलांसाठी अधिक चांगली सोय सापडताच त्याने तो बाजूला ठेवला. आज डेन्मार्कची सुमारे निम्मी वीज वाऱ्यापासून येते.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #धागा